छाटलेल्या बागेतले घड

ऐका. रंगू, ती काडी शेकोटीत सार. चिलीम मागनं. उद्या तुमच्या टोळीला लवनातल्या, त्या खोलगटातल्या द्राक्षबागेत छाटनीला जायचंय, म्हून सांगतो. काम उरकलं की उजेड असताना निघा. लवनातल्या वाटेनं अंधारात येऊ नका. का? तेच तर सांगतोय, ऐका की!

असेच छाटनीचे दिवस व्हते. दसरा झालेला. पुन्याहून एक नवरा-बायको आली. शार्दूल आन् केतकी. गाडी अशी, की आतच गादी, आतच चूल, आतच मोरी. मागं दोन सायकली टांगलेल्या. घर सोडून निघाले ते घर घेऊनच आले! धरनाच्या काठाला गाडी लावायची, सायकलीवर हिंडायचं, कारखान्यात जाऊन वाईन चाखायची. चाखायची म्हंजे काय, तोंडात घोळवायची आन् थुंकून द्यायची. आपला सखाराम थुंकला असता का? जीव गेला तरी न्हाई! ते असो.

मानसं चांगली व्हती. घाई न्हाई, भांडन न्हाई. पन शार्दूलला एकच रुखरुख. त्यानं मोबाईलवर परदेशातल्या बागा बघितलेल्या. तिकडं म्हने याच दिवसांत द्राक्षं पिकतात. आन् इथं बघतो तर नुसत्या काड्या! मी तवा त्या बागेवर रखवालीला. मीच सांगितलं, "आपल्याकडं घड माघात, तवा या." हसला, पन चेहरा पडला त्याचा.

त्या दिवशी कारखान्यातच दिवेलागन झाली. अंधार पडल्यावर दोघं सायकलीवर निघाले. सडकेनं लांब पडतं. मोबाईलनं जवळची वाट दावली. कोनती? हां, लवनातली. त्या मोबाईलला काय ठाव, तिथं चकवा हाय!

वाट बागेत शिरली. दोन्हीकडं येलींच्या ओळी. समोर, ओळीच्या टोकाला, त्यांच्याच गाडीचा दिवा. "आलोच की," शार्दूल म्हनाला. मारतात पायडल. मारतात. दिवा तेवढाच लांब! अजून मारतात. तेवढाच! केतकी थांबली. "शार्दूल, ही ओळ संपत का नाही?" मागं वळून बघती तर मागंबी दिवा. तस्साच!

बरं, ओळीतनं आडवं निघावं, तर छाटलेली बाग आरपार दिसती. पन त्यांना काय दिसलं? पानं! भिंतीवानी दाट पानं. हात घालायला फट न्हाई. वर बघावं तर चांदनी न्हाई. केतकीनं जीव खाऊन हाका मारल्या. पानांतच जिरल्या. मी पंपाच्या खोलीत टक्क जागा, पन मला काडीचं ऐकू आलं न्हाई.

आन् मंग दिसले घड. काळे, टपोरे. आश्विनात!

तुमच्यातला कोनी असता तर चपला टाकून पळाला असता. आपल्याला ठाव हाय ना, काडीच्या डोळ्यातनं आत्ता कोंबबी फुटलेला नसतो. पन हा पुन्याचा मानूस हरखला! "थापा मारल्या काकांनी! पिकलीत की इथे." म्हंजे मी थापाड्या. घ्या! ती "नको, नको" म्हनेस्तवर यानं तोंडात घातले. आन् खालीच बसला. "बसू गं जरा. किती छान आहे इथे." खातोय, हसतोय, ओठ लाल. तिनं ओढला, रडली, एक मुस्काटातबी ठेवून दिली. हलेना!

"मंग वो तात्या?"

मंग काय! घाबरली व्हती, पन नवऱ्याला टाकून जायचं तिच्या मनातबी आलं न्हाई. चाचपताना हाताला तार लागली. येली बांधायची तार. डोळ्यांना पानं दिसतात, पन हाताला तार उघडी! तिनं वळखलं, हे जे काय हाय ते डोळ्यांना फसवतंय, हातांना न्हाई. तिनं डोळे गच्च मिटले. एक हात तारंवर, दुसऱ्यात नवऱ्याचा हात. असा हिसका दिला, की उठला आन् मागं मागं निघाला. तोंड भरलेलं, चकार शब्द न्हाई.

चालली. सायकली तिथंच टाकून, तार धरून चालली. चकवा चवताळला. कोनी कानाशी फुंकर घातली. डोळे उघडले न्हाईत. तारंवर तिच्या बोटांना गार बोटं लागली. तार सोडली न्हाई. आन् मंग पार मागून, लांबून, नवऱ्याची हाक आली.

"केतकी! मी इथे आहे. तू कोणाचा हात धरला आहेस?"

अरे देवा! सांगा आता, काय करावं तिनं? आवाज त्याचाच, हुबेहूब. "थांब ना गं, मला टाकून जाऊ नकोस!" रडतोय. आन् हातातला हात मुका. "शार्दूल, काहीतरी बोल!" ती म्हनाली. हूं न्हाई की चूं न्हाई. डोळे उघडावे तर चकवा. हात सोडावा तर नवरा. पन त्या हाताला घाम सुटलेला, थरथरत व्हता. तिला वाटलं, भुताला कशाला भ्या वाटंल? तिनं तो हात आनखी आवळला आन् पळत सुटली.

तार संपती तिथं माझी पंपाची खोली. दोघं माझ्या अंगावरच आदळले. मी बॅटरी मारली. नवराच व्हता! ती त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मी त्याच्या तोंडात बोट घालून काय काढलं, तर काड्या. छाटल्यावर डोळे फुटायला लाल औषध फासतो ना, येलीच्या त्या काड्या. इख ते, जहर! चुळा भरवल्या. केतकीनंच गाडी हानली, दवाखान्यात नेला. जगला.

पन तोंड उघडलं की नुसता वारा. डॉक्टर म्हनाला, औषधानं गळा भाजला. असंल बाबा, शिकलेला मानूस. पन मी ती खोली सोडली. अंधार पडला की लवनातनं कोनतरी हाक मारतं, पुन्याच्या भाषेत. "केतकी, थांब ना गं." मानूस तिनं वढून आनला, आवाज तिथंच ऱ्हायला.

माघात ती एकटी आली. बागेला खरे घड लागलेले. एकबी मनी तोडला न्हाई तिनं. दिवेलागनीला वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी. मी म्हनलं, "ताई, ओ देऊ नका."

"ओ नाही देणार, काका. नुसतं ऐकून जाते. घरी आता त्याचा आवाज नसतो ना."

तेवढ्यात आतनं हाक आली. तिला कळलंबी न्हाई, पन तिचा पाय वाटेवर पडला. मी दंड धरून मागं वढली, म्हून आज हाय ती. म्हून सांगतो, रातीचं त्या वाटेला जाऊ नका. आपल्या मानसाच्या आवाजात हाक आली तर पाय आपलं ऐकत न्हाईत रे.