दार कुणी उघडलं?

…नाही, मी म्हणतो, दिवसाढवळ्या माणसानं स्वतःच्या घरातल्या एका खोलीचं दार लावून घ्यायचं नाही, असा काही कायदा आहे का? नाही ना? मग पळसमाळ तांड्यावर तो कुणी केला? तिथं दिवसा दार लागलेलं दिसलं की त्याचे दोनच अर्थ. एक तर घरात कुणी गेलं, नाहीतर घरात कोंबडी शिजून राहिली! आणि दोन्हीला माणसं धावत येतात. आमचे हिरासिंग बिचारे ओरडून ओरडून थकले, "आरं, म्या मेलो न्हाई, कोंबडी बी न्हाई, म्या फक्त अंधार करून राहिलो!" पण ऐकतो कोण? अंधार करायला कुणी दार लावतं का, असं तांड्याचं म्हणणं!

तुम्हाला सांगतो, हिरासिंग म्हणजे साधा माणूस नव्हे. सिद्धेश्वरच्या धरणावर पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आयुष्यभर कारकून. कागदावर एक टिंब कमी असलं तर साहेबालाच परत पाठवणारा! निवृत्त होऊन तांड्यावर आला आणि बघतो तर काय, सख्खी पुतणी पूजा मुलींच्या कबड्डी संघाची कप्तान. संघ नुसता वाघिणींचा! पण अंगात काय? तर एका बियाणे कंपनीनं फुकट वाटलेले टी-शर्ट. छातीवर कपाशीचं बोंड आणि पाठीवर लिहिलेलं, 'भरघोस उत्पन्नाची हमी'! अहो, गेल्या वर्षी सेनगावला पोरी तालुक्यात पहिल्या आल्या, तर माईकवाला काय ओरडला? "आन् विजयी झाल्या हात… बोंडवाल्या पोरी!" ढाल पूजानं उचलली आणि फोटोत पुढं कोण? बियाण्याचा दुकानदार! तांड्याचं नाव? कुठंच नाही. हिरासिंग त्या दिवशी जेवला नाही. म्हणाला, "पुढल्या साली पोरींच्या छातीवर गावाचं नाव राहील. पळसमाळ तांडा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. पुरा पत्ता!" जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झालेला, तेव्हा तो तर पाहिजेच. कारकुनाचा अभिमान बघा, पत्त्याशिवाय पुरा होत नाही!

मग काय, गोरेगावहून जीप धरली, हिंगोली गाठली, छपाईचं सामान विकणाऱ्या दुकानात उभा. दुकानदार म्हणाला, "चाचा, एकदम आसान है. ये जाली की चौकट, ये मसाला. अंधेरे में लगाना, अंधेरे में सुखाना. ऊपर काले अक्षर का कागज, उसपर काच, और धूप दिखाना. जिधर काला, उधर का मसाला पानी से धुल जाता, वहाँ से रंग उतरता, बाकी पक्का! बस, धूप दिखाने के पहले उजाला नक्को!" उजाला नक्को! हिंगोलीच्या दुकानात बसून बोलायला काय जातं? पळसमाळला येऊन दाखव म्हणावं!

धान्याची कोठी निवडली. खिडकी नाही, झरोका नाही. काच कुठली? निवृत्तीच्या समारंभाला साहेब हार घालताहेत तो फोटो होता ना, त्याची! साहेब भिंतीवर उघडेच राहिले. मसाला फासला, वाळवला, कागद ठेवला, काच ठेवली, वरून घोंगडी टाकून चौकट अंगणात आणली. घोंगडी काढली… आणि हिरासिंगला धीर निघेना! जास्त झालं तर? करपलं तर? लगेच उचललं आणि पाण्याखाली धरलं. अहो, अक्षरं सोडा, सगळा मसालाच वाहून गेला! कोरी जाळी! चौकटीतून पलीकडे शेळी दिसायला लागली. मिराबाई, म्हणजे हिरासिंगची बायको, ओट्यावरून म्हणाली, "काहून जी, पोरींच्या छातीवर शेळी छापता का?"

ऊन कमी पडलं, एवढं कारकुनाला कळलं. पुन्हा मसाला. पुन्हा कोठी. दार लावलं. मसाला वाळत आला आणि… धाडकन उजेड! दारात शेजारची गोजरबाई! एका हातात वाटी आणि डोळ्याला पदर, दोन्ही बाजूंची तयारी करून आलेली! "काय झालं वो भाऊजी? दार काहून लावलं? रस्सा व्हय… का रडू?" आता सांगा, अशा माणसाला काय उत्तर द्यायचं? हिरासिंगनं तरी नेटानं ऊन दाखवलं, पाणी मारलं, ब्रशनं घासलं, नखानं खरवडलं. एक अक्षर उघडेल तर शपथ! पत्र्यासारखं पक्कं! आधीच उजेड लागला की काळ्याखालचंही घट्ट होतं, हे तेव्हा समजलं. आणि दार कुणी उघडलं? गोजरबाईनं!

तिसऱ्या खेपेला आतून कडी लावली. मग माणिकराव आले, गोरेगावचे, जुने स्नेही. कडी वाजवून वाजवून दार हलवलं, कडी निसटली. "हिरासिंग! कवापासून आवाज देऊन राहिलो! तब्येत बराबर हाय ना?" तब्येत बराबर होती हो, मसाला गेला! मोठी अक्षरं कशीबशी उघडली, पण बारीक 'जि. हिंगोली' मुळीच नाही. माणिकराव चौकट उन्हात धरून म्हणतात कसे, "जिल्हा दिसंना गड्या. आजूक परभणीतच हाव का आपुन?" मीठ चोळायला हाच सापडला! आणि दार कुणी उघडलं? यांनीच!

आता सामने तोंडावर आले. मसाला एकदाच पुरेल इतका उरलेला. हिरासिंग डोकं धरून बसला, तर पूजा म्हणाली, "काका, तुमी आत बसा. दाराचं आमी पाहतो." आणि काय सांगू तुम्हाला! अख्खा संघ कोठीच्या दारापुढं हातात हात घालून उभा! पक्की साखळी! गोजरबाई वाटी घेऊन आली, डावीकडून शिरायला गेली, पोरींनी वळून घेरली. उजवीकडून वाकली, पूजानं अलगद कंबर धरली. "मावशे, बाद!" साखळी तुटली नाही. दार हललं नाही. दार कुणी उघडलं? कुणीच नाही! आयुष्यात पहिल्यांदा पळसमाळला दिवसा अंधार झाला, आणि त्यात हिरासिंग राजासारखा बसला!

घोंगडीखाली झाकून चौकट बाहेर आली. ऊन दाखवताना हिरासिंगची नजर घड्याळावर, काचेकडे बघायचं भान कुणाला? मग पाणी मारलं. आधी 'प' उघडला… मग 'ळ'… 'स'… पोरी एकेक अक्षर मोठ्यानं वाचताहेत… 'तांडा' उघडला, 'सेनगाव' उघडलं, आणि शेवटी ते बारीक 'जि. हिंगोली', वेलांटीसकट! हिरासिंगच्या डोळ्यांत पाणी. पण हे काय? नावाच्या बरोबर वर, मधोमध, एक गोल भोक! बोराएवढं! कागदावर तर असं काहीच नव्हतं!

हिरासिंग ओरडला, "उजेड कुठून लागला? दार कुणी उघडलं?"

"दार कशाला उघडावं लागतं?" मिराबाई शांतपणे म्हणाली. "म्या आतच व्हते, जवारी काढत. तुमी घोंगडी हुडकून राहिले, तवा काचेला कुंकू लावलं. नवं काम हाय. बिनकुंकवाचं कसं सुरू करावं?"

झालं! कुंकवाखाली ऊन पोचलं नाही, तेवढा मसाला धुऊन गेला. शास्त्र अगदी बरोबर! हिरासिंग म्हणाला, "ठीक. चिकटपट्टीनं बुजवतो." तशी मिराबाई उठून उभी राहिली. "काय म्हन्ले? कुंकू पुसता? म्या जिती, तुमी जिते, आन् माह्यासमोर कुंकू पुसता?" आता सांगा, साहेबाला कागद परत पाठवणारा हा वाघ… चिकटपट्टी खिशात घालून रंग कालवायला बसला!

लाल रंगात टी-शर्ट छापले, प्रत्येक छातीवर ठसठशीत कुंकू. पोरी सेनगावच्या मैदानात उतरल्या आणि माईकवाल्यानं वाचलं, "पळसमाळ तांडा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली!" पुरा पत्ता! अंतिम सामना एका गुणानं गेला हो, पण हिरासिंगला त्याचं काय? तो प्रेक्षकांत उभा राहून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "बारीक अक्षरं बघा. बारीक अक्षरं!"

आणि पुढं काय झालं म्हणता? गोरेगावच्या संघानं टी-शर्ट सांगितले. नरसीच्या पोरांनी सांगितले. आणि सगळ्यांची अट एकच: "काका, ठिपका पायजे. ठिपक्याशिवाय संघ वाटत न्हाई." हिरासिंगनं कंपासनं गोल काढून बघितला, गिऱ्हाईक म्हणतं, "तसा न्हाई, तो जिता वाटत व्हता!"

आता तुम्ही कधी पळसमाळला गेलात तर बघा. कोठीत मसाला वाळवलेला, काच ठेवलेली, बाहेर पोरींची साखळी पक्की. आणि आतून, दार किलकिलं करून, एक निवृत्त कारकून अजिजीनं हाका मारत असतो, "आवो, ऐकलं का… कुंकू घिऊन लवकर आत या, उजेड येऊन राहिला!"

दार कुणी उघडलं, हे आता कुणी विचारत नाही.