कुंकू लागलेला मदरबोर्ड

आमच्या देवळात कीर्तनाला बुवा येणार, म्हणून मी माइकची वायर घ्यायला वाशीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात उभा होतो. पुढे बापलेक होते, काउंटरवर मदरबोर्ड.

"आप्पा, माझ्या प्रोसेसरचा स्पीड वाढवता येतो, पण तुम्ही आणलेला हा बोर्ड वाढवूच देत नाही. परवा कॉलेजात त्याचीच, ओव्हरक्लॉकिंगची स्पर्धा आहे!"

"बदलून घिऊ की मंजू. पावती हाय. ओ शेठ!"

"बदलून देतो काका. पण हे लाल काय लागलंय?"

"कुंकू."

"बोर्डाला?"

"दसऱ्याला आणला. पूजा न करता वापरायचा?"

"आप्पा, खोक्याला लावायचं ना!"

"काम खोकं करतंय का बोर्ड? मार्केटात माझ्या हातगाडीला दरसाल लावतो. कधी अडली का?"

"हातगाडीत सर्किट असतं का, आप्पा?"

"पुसून घ्या की शेठ."

"खाचांत गेलंय काका. आता परत नाही घेता येणार."

"मग नवा द्या. स्पीड वाढवू देणारा."

"आप्पा, त्याला हळद नाही, कुंकू नाही, काहीच लावायचं नाही. शपथ घ्या."

"तुझी शपथ, काय बी लावत नाही. निस्ता नारळ फोडतो."

"कशावर, आप्पा?"