भिंतीवरचं जुनं गाव

(समाजमंदिराची भिंत. शुभांगी चित्र रंगवतेय. तिची सासू नागम्मा पायरीवर बसून सांगतेय. शुभांगीचा नवरा शंभुलिंग नुकताच आलाय.)

शंभुलिंग : हात थांबव जरा. मठाचं दार वेशीकडं काढलंस. गौरीशंकरकाका म्हणत्यात ते पूर्वेला होतं.

शुभांगी : माहीत हाय.

शंभुलिंग : मग पूस की. ओलं हाय तवर निघतंय.

शुभांगी : नंतर. आत्या, मठाच्या पुढं काय होतं?

नागम्मा : कासाराचं घर. दारात कडुलिंब. लई वाकडा.

शंभुलिंग : थांब गं अव्वा. शुभा, भूकंपाआधीचं गाव काढतीस तू. म्हातारी माणसं बघायला येतील अन् आधी त्या दारावर बोट ठेवतील. हसतील.

शुभांगी : हसू द्या. मागच्या वर्षी तुमचंच ऐकलं म्या. वेस काढली, तर तुम्ही म्हणला बुरूज बारका झाला. खरवडला. मग थोराड झाला. परत खरवडला. वेशीच्या आत काय गेलेच न्हाय. शेवटी पंचायतीनं वरनं चुना मारला.

शंभुलिंग : चांगलं व्हावं म्हणूनच सांगत होतो.

शुभांगी : व्हय. पर आत्या तवाही इथंच सांगायला बसल्या होत्या. मी खरवडत राहिले, त्या उठून गेल्या. त्यानंतर आज तोंड उघडलंय त्यांनी.

नागम्मा : मला आत्ता दिसतंय रे शंभू. मधी बोललास की जातंय.

शंभुलिंग : पर चुकलेलं ते चुकलेलंच की.

शुभांगी : चुकलंयच. सगळं गाव उभं राहिलं की दार फिरवीन. तवर ह्या भिंतीवरचं काय बी पुसणार न्हाय. तो हातातला फडका ठेवा खाली. सांगा आत्या.

नागम्मा : कडुलिंबाच्या अंगानं बोळ. बोळात आपलं घर. दगडी उंबरा. उंबऱ्यात गंगू उभी.

शंभुलिंग : अक्का? अव्वा, ती भूकंपात गेल्यापासनं तू तिचं नाव काढलं न्हाईस.

नागम्मा : हिरवा परकर होता.

शुभांगी : गर्द का पोपटी?

नागम्मा : पोपटी. नव्या पानावानी.

शंभुलिंग : शुभा, अक्काला तरी आधी खडूनं आखून घे. तोंड चुकलं तर...

शुभांगी : चुकू द्या. सरळ रंगानंच काढते. आत्या, हात कुठं होते तिचे?

नागम्मा : एक चौकटीला. दुसऱ्यानं ह्या शंभूला कडेवर धरलेलं.