रुखसतीला इंग्रजीत काय म्हणतात

माझं माहेर परभणीकडचं, घरी शेती, पण मामानं मला शिकायला हैदराबादेत आणलं, नारायणगुड्याला मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले मी, मराठी, उर्दू आणि थोडंसं इंग्रजी, वाचता यावं इतकंच. मग लग्न झालं. हे मालगुजारीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या दफ्तरात अहलकार, आता क्लार्क म्हणतात ते. यांची उर्दू काय सांगू तुम्हाला, मोठमोठे साहेब अर्जाचा मसुदा यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. बरकतपुऱ्यात दोन खोल्या होत्या आमच्या, पुढं हे बसायचे, मागं स्वयंपाकघर, आणि सासूबाई, बस, तिघंच आम्ही.

रझाकारांच्या वेळी दिवे लागायच्या आतच दारं लावून घ्यायचो. मग पोलीस ॲक्शन झाली, गल्लीत लोक पेढे वाटायले आणि आमचे हे गप्प. कारण काय, तर उर्दूचे दिवस सरले हे यांना कळलं होतं, आणि थोड्या दिवसांनी हुकूम आलाच की दफ्तर आता इंग्रजीत चालणार, इम्तिहान द्या, नाहीतर घरी बसा.

मग रोज दफ्तरातून आले की पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालायचे. आधी यादीतल्या उर्दू-इंग्रजी जोड्या वाचायचे, मग यादी मिटून नुसता उर्दू शब्द मोठ्यानं म्हणायचे आणि थांबायचे. तकर्रुर, म्हणायचे. मी आतून कणीक मळत सांगायची, अपॉइंटमेंट. तरक्की. प्रमोशन. मुअत्तल. सस्पेंड. मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं, यांच्या जिभेवर मात्र बसायचंच नाही, हसायचे स्वतःलाच, म्हणायचे सुशीला, इम्तिहानाला तूच जा.

आणि तसंच झालं बघा. विषमज्वर झाला यांना, इम्तिहानाच्या आधीच गेले.

दिवस-पाणी झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. यांचे बडेबाबू, म्हणजे दफ्तरातले हेडक्लार्क, घरी येऊन सांगून गेले की बाई, जागा तुम्हाला मिळू शकते, पण इंग्रजीचं तोंडी इम्तिहान द्यावं लागेल. सासूबाई म्हणाल्या, नाहीतर गावाकडं दिरांच्या दारात जाऊन बसायचं, दुसरं काय.

त्या संध्याकाळी मी कणीक मळत होते, आणि पुढच्या खोलीतून आवाज आला, तबादला. मी म्हणलं, ट्रान्स्फर. म्हणून गेले हो मी, सवयीनं. आणि मग हात तसेच परातीत राहिले. सासूबाई देवापाशी होत्या, त्या उठून दारात आल्या, माझ्याकडं बघितलं, पुढच्या खोलीकडं बघितलं. दोघींनी जाऊन पाहिलं. दाराला आतून कडी होती. खोलीत कुणी नव्हतं.

मला भास झाला म्हणावं, तर त्यांनीपण ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळेला. शब्द यायचा, थांबायचा, माझं बरोबर आलं की पुढचा. चुकलं की तोच शब्द परत, आणि दर वेळेला थोडा जवळून. अंगावर काटा यायचा, पण उत्तर द्यायची मी. सासूबाई म्हणायच्या, अगं तू बोलत राहिलीस तर तो जाईल कसा. मी म्हणायची, इम्तिहान होऊ द्या, मग नाही बोलणार.

एका संध्याकाळी आवाज आला, तखफीफ. हा शब्द यांनी कधी विचारलेला नव्हता. परत आला, अगदी माझ्या पाठीशी आला, तखफीफ. मी म्हणलं, मला नाही येत हो. मग आवाज म्हणाला, रिट्रेंचमेंट. ज्यांना एक शब्द धड म्हणता यायचा नाही, त्यांनी इतका स्वच्छ म्हणला.

इम्तिहानाला मद्रासकडचे एक साहेब होते, शेजारी बडेबाबू. साहेबांनी बरंच विचारलं, मी सांगत गेले. मग विचारलं, माणसं जास्त झाली म्हणून जागा कमी करतात, त्याला काय म्हणायचं. मी सांगितलं. साहेब खूश, कुणी शिकवलं विचारलं. मी म्हणलं, आमच्या ह्यांनी. बडेबाबूंनी टाक खाली ठेवला. बाहेर मला एकटीला गाठून हळूच म्हणाले, बाई, तो शब्द तर ह्याच आठवड्यात आलाय आमच्या दफ्तरात, आम्हालाही माहीत नव्हता. नमस्कार केला आणि घरी आले.

नेमणुकीचा हुकूम हातात पडला त्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात नुसत्या बसून होतो, चूलसुद्धा पेटवली नाही. वेळ झाली. आवाज आला, रुखसत.

येत होतं हो मला. लीव्ह. अगदी पहिल्या दिवसापासून येत होतं. पण रुखसत म्हणजे दफ्तरातली रजापण आणि निरोपपण, माझं तोंडच उघडेना, पदराचा बोळा धरला मी तोंडावर. परत आला आवाज, रुखसत. तेव्हा सासूबाई उठल्या, त्यांना ना उर्दू धड येत होती ना इंग्रजी, उंबऱ्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, मिळाली बाबा. जा आता तू.

पुढं नोकरी केली मी, सुपरिंटेंडेंट होऊन रिटायर झाले. सासूबाई शेवटपर्यंत माझ्यापाशीच होत्या, पण त्या दिवसाचं आम्ही दोघी एकमेकींत कधी बोललो नाही. आता भाची तिच्या घरी दिलसुखनगरला चल म्हणते, तिकडं सोबत आहे, दवाखाना जवळ आहे. नको म्हणलं, ह्याच दोन खोल्यांत बरी आहे मी. सगळ्यांचं बरं होवो, तुमचंपण होवो. माझं काही भय-बिय राहिलं नाही. फक्त संध्याकाळी घर फार गप्प असतं बघा, त्याची सवय मला अजून झाली नाही.