मागची अर्धी सीट

जुनी गाडी नावावर करून घेण्याच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या होत्या. पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक बोलत होते. बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

“अगं, दार गंजलंय. एसीचा तर पत्ताच नाही.”

“खिडक्या आहेत ना, बाबा!”

“तिघांनी वापरून झालेली गाडी. चौथे आपण.”

“इंजिन मेकॅनिकला दाखवलंय. ठणठणीत आहे. आपल्याला परवडणाऱ्यांत हीच चांगली.”

“ती निळी कशी चकचकीत होती!”

“निळीत आईची व्हीलचेअर मावली नाही. हिची मागची अर्धी सीट आडवी केली, की अलगद आत जाते.”

“तू खुर्ची घेऊन गाड्या बघत फिरलीस?”

“मग! विकणारे बघतच राहायचे.”

“आणि तुझी आई कुठे बसणार?”

“पुढे, माझ्याशेजारी. तुम्ही मागे, खुर्ची धरून.”

“बरं बाई. दवाखान्याची सोय झाली म्हणायची.”

“आईला विचारलंय मी. ती म्हणते, पहिल्या दिवशी दवाखाना सोडून कुठेही ने.”

म्हातारबा लेकीकडे वळले.

“असं म्हणाली? मग टाकी पूर्ण भरून घे.”