सदऱ्याचा निळा

मी मूळची इस्लापूरकडची, शिकले किनवटच्या वसतिगृहात राहून, आन् आता नांदेडात फोटो छापायचं दुकान हाय माजं. काय सांगू तुम्हाला, ह्या धंद्यात सगळी कटकट रंगाची. लोक म्हणतात मोबाइलात दिसतंय तसंच कागदावर द्या. आता मोबाइल म्हणजे उजेड, लाल हिरवा निळा उजेड मिळून सगळे रंग, त्याला आरजीबी म्हणतात. कागदाला उजेड कुठला, त्याला चार शाया, ते सीएमवायके. पिवळा मस्त येतो, लाल चालून जातो, पण तो झगझगीत निळा शाईत बसतच न्हाई, जांभळा होतो. आन् आमच्या लोकांना तर निळाच पाहिजे. जयंतीच्या बॅनरला जांभळा आला तर कोण लावील, मीबी न्हाई लावणार.

तर विष्णुपुरीच्या कमलबाई आल्या, मालक वारलेले, दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, संगं मुलगा, लातूरला मास्तर हाय तो. दुसरीकडून छापून आणलेला मोठा फोटो टेबलावर ठेवला आन् बाई म्हणल्या, हे कोण हाय सांग. चेहरा बराबर, पण अंगात जांभळा सदरा. म्हणल्या, ह्यांनी उभ्या जन्मात जांभळा घातला न्हाई, दर जयंतीला निळाच, आन् ह्या फोटोपुढं मी मेणबत्ती कशी लावू.

मुलगा मोबाइल पुढं करून म्हणला, ताई, असा निळा द्या. मी म्हणलं, भाऊ, असा कुठंच न्हाई येणार. त्या दुकानानं आरजीबीचीच फाइल मशीनला दिली म्हणून जांभळा झाला, मी आधी सीएमवायकेत घेते, जांभळेपण काढते, पण निळा जरा बसका दिसंल, झगझग कमी. तो म्हणला, बसका नको, बाबा फिके दिसतील, त्यापेक्षा टीव्हीवरच दाखवू. बाई म्हणल्या, आन् टीव्ही बंद केल्यावर रे? मायलेक तिथंच भांडून राहिले.

मला लई वाईट वाटलं. मी विचारलं, माय, तो सदरा ठिवलाय का कुणाला देऊन टाकला? बाईंनी हातातल्या पिशवीतून काढला. मालक गेल्यापासून जिथं जातील तिथं संगं नेत होत्या म्हणे. धुऊन धुऊन मऊ झालेला, कॉलर विटलेली. आन् त्याचा निळा मोबाइलातल्यासारखा नव्हताच, बसकाच होता. मोबाइलानंच चढवून दाखवलेला.

मग काय, मी मोबाइल बाजूला ठिवला, सदऱ्यावर नजर ठिवून संगणकावर रंग जुळवला, वेगवेगळ्या निळ्याच्या बारक्या चिठ्ठ्या छापल्या आन् दाराशी उन्हात एकेक सदऱ्याला लावून बगितली. एक चिठ्ठी ठिवली ती दिसंनाच, कापडात मिसळून गेली. त्याच रंगात फोटो छापला. बाईंनी फोटोतल्या खांद्यावरून हात फिरवला आन् म्हणल्या, हाव, हेच हायेत.

मुलगा म्हणला, मोबाइलात बाबा जास्त उठून दिसतात. बाई म्हणल्या, तुझ्याकडं राहू दे तसे. मला घरी न्यायचे हायेत.

जाताना माज्या डोक्यावर हात ठिवून म्हणल्या, सुखी राहा बाई. पिशवी मात्र तशीच काखेत. आता कुणी गेलेल्या माणसाच्या फोटोत निळा मागितला की मी म्हणते, घरात त्यांचं कापड असंल तर घेऊन या. बहुतेकांच्या घरी नसतं, देऊन टाकलेलं असतं.