बाबूशेठनी माडी पाडली तेव्हा

मंडळी, चौक माणसांनी भरलाय आणि कुणी खोकतसुद्धा नाही. मी तुकाराम कुंभार, या घराच्या मागच्या बोळातला. बाबूशेठ गेले. त्यांचे धाकटे भाऊ अण्णाशेठ समोर बसलेत. त्यांच्यासमोर हे सांगणं सोपं नाही. पण सांगतो.

हे घर त्यांच्या आजोबांनी बांधलं. धान्याचे व्यापारी. खाली छातीपर्यंत घडीव दगड, वर विटा आणि चुना. रस्त्याकडे पेढी, आत कोठारं, मधे हा चौक. आणि वर अख्खी सागवानी माडी होती. सुरूच्या घाटाचे खांब, त्यांवर कोरलेली केळफुलं. माडीचा सज्जा मागे इतका पुढे आलेला, की आमच्या गवती छपरांना टेकायचा. दिवाळीला खांबांना तेल बाबूशेठ स्वतः लावायचे. नोकराला हात लावू देत नसत.

तो चैत्र आठवतो ना तुम्हाला? भर दुपारी पेठेत कडब्याची गंजी पेटली. वारा सुटलेला. विहिरी तळाला गेलेल्या. बंब पुण्याहून यायचा. तो चाकणला कधी पोचणार? दुकानामागून दुकान पेटत आग या घराच्या शेजारपर्यंत आली. माडी पेटली की आमची छपरं पेटणार, आणि मग मागची सगळी वस्ती.

बाबूशेठ इथेच उभे होते. वर बघितलं. म्हणाले, "माडी पाडा."

कुणी हललं नाही. अण्णाशेठ आडवे आले. "दादा, आजोबांची माडी हाय ती. थोडं थांबा. बंब येईल."

"बंब येईस्तोवर बोळ राहायचा न्हाई, अण्णा."

"आणि आग हितंच थांबली तर? मग काय कराल?"

बाबूशेठ कुऱ्हाड घेऊन वर गेले. पहिला घाव त्यांनी घातला. मग आम्ही दोर बांधले, ओढले. माडी या चौकात कोसळली. लाकडं ओढून बाहेर काढली. आग विटांच्या भिंतीपर्यंत आली. पुढे तिला काही मिळालं नाही.

बंब आला तेव्हा दिवस मावळत होता.

मंडळी, अण्णाशेठ चुकले असं मी म्हणणार नाही. वारा फिरला असता, तर आपण सगळ्यांनी त्यांनाच शहाणं म्हटलं असतं. ते चिंचवडला निघून गेले. भावाभावांचं बोलणं तुटलं. बाबूशेठनी वर पत्रे घातले.

मी एकदा विचारलं, "शेठ, मन खातं का?"

"रोज खातं, तुकाराम," ते म्हणाले. "पण सकाळी मागनं तुमच्या चुलींचा धूर येतो. मग उठून कामाला लागतो."

बाबूशेठचं दुखणं वाढल्याचं कळलं आणि अण्णाशेठ आले. भावाच्या तोंडात शेवटचं पाणी त्यांनी घातलं. मी दारात होतो. दोघांत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. ते कुणी विचारूही नये.

आता आपण सगळे उभे राहू. अण्णाशेठ, तुम्ही पुढे या. आम्ही बोळातली माणसं तुमच्या मागे उभी राहतो. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.